इंग्लंडच्या खेड्यांत आपल्या माणसांकडे: दोघांच्या सुट्टीची आखणी

इंग्लंडातली आपली माणसं आता फक्त लंडन, स्लाव आणि लेस्टरमध्ये राहत नाहीत. कुणी डॉक्टर म्हणून हिरफर्डच्या हॉस्पिटलात लागलेलं असतं, कुणाची भाची लग्न होऊन ग्लॉस्टरशरच्या खेड्यात रुळलेली असते, कुणाचे पुण्यातले जुने साहेब निवृत्त होऊन यॉर्कशरमध्ये वाटाणे लावत बसलेले असतात. दर फोनला "या की एकदा" म्हणतात. यंदा खरंच जायचं ठरवलेल्या जोडप्यांसाठी हा लेख.

लंडनची स्थळं बाजूला ठेवू, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. खेड्यातल्या दौऱ्याची अडचण वेगळी. पाहुणे म्हणून राहणं आणि दोघांनी सुट्टी घालवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं आपण मन लावून करतो, दुसरं राहूनच जातं. पंधरा दिवस चार घरी जेवून परत आलेलं जोडपं दमलेलं असतं आणि एकमेकांशी धड बोललेलंही नसतं. म्हणून घरं कमी घ्या, मुक्काम लांब ठेवा, आणि दोन घरांच्या मध्ये एक-दोन रात्री फक्त दोघांच्या राखा.

समजायला सोपं जावं म्हणून एक मार्ग धरू: स्ट्राउडजवळ भाची, श्रॉपशरमध्ये चर्च स्ट्रेटनजवळ मित्र, यॉर्कशरमध्ये सेटलजवळ जुने शेजारी. साधारण अडीच आठवडे. तुमची गावं वेगळी असतील, गणित हेच राहील.

आधी घरं, मग तारखा, तिकीट शेवटी

आपल्याकडे तिकीट काढून "येतोय" असं कळवायची पद्धत आहे. तिकडे हे चालत नाही, अगदी सख्ख्या भाचीकडेही नाही. तिची नोकरी असते, मुलांच्या शाळा असतात, पाहुण्यांची खोली एकच असते आणि त्या खोलीत बऱ्याचदा जावयाचं ऑफिस थाटलेलं असतं. म्हणून तीन-चार महिने आधी मोकळेपणाने विचारा. निरोप असा असू द्या:

"आम्ही दोघं जूनमध्ये यायचं म्हणतोय. तुझ्याकडे चार-पाच रात्री राहायला आवडेल, पण तुला सोयीचे दिवस तूच सांग. मधले दोन दिवस आमचे आम्ही फिरू, रजा काढू नकोस. स्टेशनवर आणायला जमेल का, की टॅक्सी सांगायची?"

यात किती रात्री हे आपण सांगितलंय आणि कोणत्या हे तिच्यावर सोडलंय. इंग्रज मित्राला लिहितानाही हाच क्रम ठेवा, फक्त निघण्याची तारीख पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा. पाहुणा कधी जाणार हे ठाऊक असलं की यजमान निवांत असतो, आणि तिकडे ते विचारणं त्यांना फार जड जातं. कुत्रा आहे का, झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे का, हेही विचारून घ्या. खेड्यातल्या घरात कुत्रा असतोच असं धरून चाललात तरी चालेल.

नवऱ्याकडची घरं किती आणि बायकोकडची किती, हा हिशेब पुण्यातच मिटवा. तो यॉर्कशरला न्यायचा नाही.

महिना निवडताना मे आणि जून हे माझं मत. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेल फुलतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतरही फिरायला जाता येतं. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा भाडी चढतात आणि यजमान स्वतःच बाहेरगावी जातात. गवताच्या परागकणांनी शिंका येणाऱ्यांनी मात्र जूनमध्ये गोळ्या जवळ ठेवाव्यात.

विमान ठरवताना येण्या-जाण्याचे विमानतळ वेगळे ठेवा. हीथ्रोला उतरा आणि मँचेस्टरहून परत निघा. आखाती विमान कंपन्या दोन्हीकडे जातात. सेटलहून परत लंडनला यायचा एक अख्खा दिवस वाचतो.

व्हिसा

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. दोघांचे अर्ज वेगळे आणि फी वेगळी. प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली होती; भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या.

यजमानाचं निमंत्रणपत्र जोडा. त्यात पत्ता, नातं, तारखा आणि "राहण्याची सोय माझ्याकडे" एवढं असलं की पुरे. यजमान किती कमावतो यापेक्षा तुम्ही परत येणार का, हे अधिकारी बघतो. त्यामुळे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, रजा मंजूर झाल्याचं पत्र किंवा पेन्शनचा कागद हे जास्त महत्त्वाचं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुलाने खात्यात चार लाख टाकले तर ते कुठून आले हे लिहून द्या, नाहीतर तीच रक्कम अंगाशी येते.

सातबारा किंवा घरपट्टीची पावती जोडणार असाल तर ती मराठीत असते. तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत नसेल तर त्या कागदाला काही किंमत नाही. मुक्काम प्रत्येक घरी किती रात्री, याचा एक पानी तक्ता जोडा. तीन यजमान असतील तर तिघांची पत्रं घ्या.

प्रवास विमा घ्याच. अपघात विभागातले उपचार पाहुण्यालाही मोफत असतात, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं आणि ते एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट लागतं.

बॅग: काय न्यायचं, काय अजिबात नाही

भारतातून जाताना दूध आणि मांस यांचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या आणि साजूक तूप सगळं घरीच ठेवा. "थोडंसंच आहे" हे कस्टमला पटत नाही. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ, गुळाची चिक्की, कोकमं हे न्या. भाचीच्या डोळ्यांत पाणी येतं ते मेतकुटाने. डाळ-तांदूळ तिला ग्लॉस्टरच्या आशियाई दुकानात आणि तूप सुपरमार्केटात मिळतं.

इंग्रज यजमानांसाठी पितळी समई नको. जुनं घर आधीच वस्तूंनी भरलेलं असतं. संपणारी वस्तू न्या: चांगला चहा, काजू, मसाल्याचा लहान डबा. जेवायला बोलावलं असेल त्या दिवशी वाटेत फुलं किंवा वाइनची बाटली घ्या. घरातलं कुणी वाइन पीत नसेल तर चॉकलेट.

प्रत्येकी एकच मध्यम बॅग घ्या, जी स्वतः उचलून जिना चढता येईल. छोट्या स्टेशनांवर हमाल नसतात, फलाट बदलायला पूल चढावा लागतो, आणि जुन्या घरांतले जिने शिडीसारखे उभे असतात. जूनमध्येही एक स्वेटर, पावसाचं जाकीट आणि आधी घालून सैल केलेले बूट हवेत. छत्रीचा तिथल्या वाऱ्यात उपयोग नाही.

रेल्वे

तुम्ही जोडपं आहात याचा इथे सरळ फायदा आहे. टू टुगेदर रेलकार्ड दोघांच्या नावावर मिळतं, २०२५ मध्ये किंमत ३५ पौंड, आणि दोघं बरोबर असाल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. परदेशी पाहुण्यांनाही घेता येतं. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर कार्ड आहे, पण ते दोघांना दोन लागतात. जोडीनेच फिरणार असाल तर पहिलंच स्वस्त.

हीथ्रोहून स्ट्राउडला जायला लंडनमध्ये शिरायची गरज नाही. विमानतळावरून रेडिंग स्टेशनला रेलएअरची बस जाते आणि स्ट्राउडकडे जाणाऱ्या गाड्या रेडिंगला थांबतात. आगाऊ काढलेलं तिकीट स्वस्त असतं पण ठरल्या गाडीलाच चालतं. विमान उशिरा आलं तर ते गेलं. म्हणून उतरण्याच्या दिवशी ऑफ-पीक तिकीट (गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं) घ्या, पुढच्या टप्प्यांसाठी आगाऊ.

नकाशावर स्ट्राउड ते श्रॉपशर वीतभर दिसतं. प्रत्यक्षात रेल्वे आधी ग्लॉस्टरहून वेल्समधल्या न्यूपोर्टला खाली उतरते, तिथे गाडी बदलायची, मग हिरफर्ड, लडलो करत वर चर्च स्ट्रेटन. मोटारीने दोन तासांचं अंतर, रेल्वेने सहज तीन-साडेतीन. इंग्लंडातल्या मोठ्या लाइनी लंडनकडे धावतात; एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात आडवं जायला वेळ लागतोच, तेव्हा प्रवासाच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. रविवारही टाळा. रुळांची कामं रविवारी काढतात आणि मग रेल्वेऐवजी बसने जावं लागतं.

मोटार घ्यायची का?

पहिल्या घरी घेऊ नका, भाचीची गाडी असते. श्रॉपशर आणि यॉर्कशरमध्ये तीन-चार दिवसांपुरती घ्या. खेड्यातल्या बसचं एकेरी भाडं स्वस्त आहे, २०२५ पासून बहुतेक मार्गांवर तीन पौंडांच्या वर जात नाही. पण दिवसात चार फेऱ्या, आणि रविवारी एकही नाही, असली गावं खूप आहेत.

आपलं भारतीय लायसन्स तिथे उतरल्यापासून बारा महिने चालतं आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते. भाड्याने घेताना चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा.

वेग मैलांत असतो. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी रेघ दिसली की साध्या रस्त्यावर मर्यादा ६० मैल. याचा अर्थ साठने जा असा नाही. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं, मध्ये एका गाडीपुरती वाट आणि पुढे आंधळं वळण, अशा गल्लीलाही हीच पाटी लागू असते. तिथे तीसही जास्त होतात.

समोरून गाडी आली की काय करायचं ते नीट समजून घ्या. दर थोड्या अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर आपल्याच बाजूला अलीकडे थांबा, समोरचा तिच्यात शिरून पुढे निघतो. दोघांनाही जागा नसेल तर जिची पासिंग प्लेस जवळ ती गाडी मागे जाते, आणि चढ चढणाऱ्याला वाट द्यायची असते. पार झाल्यावर स्टिअरिंगवरची चार बोटं उचलायची. एवढ्याने आभार पोचतात आणि ते न करणारा उर्मट ठरतो. हॉर्न वाजवायचा नाही. आपला हात सवयीने तिकडे जातो, तो आवरा. घोडेस्वार दिसला तर दहा मैलांच्या खाली या आणि निदान दोन मीटर अंतर सोडून हळू पुढे जा.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे चौकात जो घुसतो तो आधी जातो, हे डोक्यातून काढून टाकायला एक दिवस लागतो. तो दिवस शनिवार नसावा.

आणखी एक. खेड्यातल्या घरांना बऱ्याचदा नंबर नसतो, नाव असतं, आणि एकच पोस्टकोड मैलभर पसरलेल्या घरांचा असतो. मोबाइलची रेंज नेमकी शेवटच्या वळणावर जाते. म्हणून "लाल टपालपेटीनंतर डावीकडे, पांढरं फाटक" अशा खुणा यजमानांकडून आधीच कागदावर घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

घरात

बाथरूमपासून सुरुवात करू, कारण तिथेच जास्त घोळ होतात. जमिनीला उतार किंवा मोरी नसते. खाली लाकूड, कधी चक्क गालिचा. पाणी सांडलं तर ते खालच्या बैठकीच्या छतातून टपकतं. आंघोळ टबाच्या आत, पडदा टबाच्या आत. शॉवर सुरू होत नसेल तर छतातून लोंबणारी दोरी ओढून बघा. धुण्यासाठी एक प्लास्टिकचा मग सोबत न्या, कुणी विचारत नाही. बऱ्याच खेड्यांत सांडपाण्याची टाकी अंगणातच असते. तिथे टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकायचं नाही, ओले टिश्यूसुद्धा.

स्वयंपाकघरात एकदा तरी आपलं जेवण करून घाला. यजमानांना खरंच आवडतं, आणि तुम्हालाही चौथ्या दिवशी वरण-भाताची आठवण येतेच. आदल्या दिवशी विचारा, सामान स्वतः आणा. जुन्या घरात आगा असेल तर ती आधी समजून घ्या. ही ओतीव लोखंडाची कायम तापलेली शेगडी. जुन्या आगाला आच कमी-जास्त करायचं बटण नसतं. वर दोन गोल तवे असतात, एक कडक आणि एक मंद, दोन्हींवर जाड झाकणं. कढलं कडक तव्यावर ठेवा, मोहरी तडतडली की उचलून मंद तव्यावर घ्या आणि मगच हळद-हिंग टाका. झाकण लगेच लावा, उघडं राहिलं तर शेगडीची धग उतरते. खिडकी आधी उघडा. मिरचीचा खाट उठला की धुराचा अलार्म केकाटायला लागतो आणि कुत्रा टेबलाखाली जातो. तळलेल्या बोंबलांचा बेत भाचीच्या घरापुरता ठेवा.

जेवणानंतर भांडी घासायला उठा. पहिल्यांदा "राहू द्या" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारलं की पुसायचं फडकं हातात मिळतं, आणि खऱ्या गप्पा तिथे ओट्यापाशी होतात. दारात सगळे बूट काढतात का ते बघून तसंच करा. जुन्या घरातल्या तुळया खाली असतात, उंच माणसाने डोकं सांभाळा.

बाहेर जेवताना

पबमध्ये बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन मागवायचं असतं. स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि रात्री नऊच्या आत. साडेतीनला भूक लागली तर खेड्यात काही मिळत नाही, पिशवीत चिवडा हवाच. रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी, टेबल राखून ठेवा. त्या दिवशी यजमानांना जेवायला घालण्याची चांगली संधी असते, बिल तुम्ही द्या.

शाकाहारींसाठी: यॉर्कशरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, तेव्हा कशात तळलंय हे विचारल्याशिवाय खाऊ नका. चीजवर "शाकाहारींसाठी योग्य" असं छापलेलं पाहून घ्या, काही गोळ्या-चॉकलेटांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटीन असतं. उपास करणाऱ्यांनी साबुदाणा घरून न्यावा. आणि जूनमध्ये संकष्टी आली तर चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. तोवर यजमान झोपलेले असतात. उपास सोडायची सोय खोलीतच करून ठेवा.

पायवाटा

इंग्लंडच्या खेड्यात खरी चैन आहे ती पायी हिंडण्याची. सार्वजनिक पायवाटा लोकांच्या शेतांतून, कधी तर अंगणातून जातात आणि त्यावरून चालण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क असतो. पिवळा बाण चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी वेष्टणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यात शेताचं प्रत्येक कुंपण दाखवलेलं असतं. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, बंद असेल तर बंद. वासरांसह गाई दिसल्या तर लांबून वळसा घाला. गाय आपल्याला परकी नाही, पण तिला आपण परके असतो.

स्ट्राउडहून पेन्सविकला जा. तिथल्या चर्चच्या आवारात कातरून गोल केलेली यू नावाची झाडं आहेत. ती ९९ च असतात, शंभरावं जगत नाही असं गावात सांगतात. बिबरी हे गाव सुंदर आहे, पण दुपारी पर्यटकांची फार गर्दी होते. सकाळी नऊच्या आत पोचणार असाल तरच. श्रॉपशरमध्ये चर्च स्ट्रेटनच्या स्टेशनावरून चालत कार्डिंग मिल दरीतून लाँग मिंडवर चढता येतं, माथा ५१६ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला हे जड नाही. यॉर्कशरमध्ये मालम कोव्हचा चुनखडीचा कडा बघा, आणि सेटलहून रेल्वेने रिबलहेडला जा. १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुल्या झालेल्या या लाइनीवरचा तिथला पूल २४ कमानींचा आहे. तो गाडीतून नीट दिसत नाही, उतरून खाली चालत जावं लागतं.

वाटेत एखाद्या घराबाहेर लाकडी पेटी दिसेल. आत सहा अंडी, जॅमच्या बरण्या, एक डबा आणि खडूने लिहिलेली किंमत. माणूस कुणी नसतो. पैसे डब्यात टाकायचे आणि वस्तू घ्यायची. यासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. बाकी सगळीकडे कार्ड चालतं.

मधल्या रात्री

या रात्रींवर कुऱ्हाड पहिली पडते, म्हणून त्यांचं बुकिंग सगळ्यांत आधी करा. स्ट्राउड आणि चर्च स्ट्रेटनच्या मध्ये लडलोला दोन रात्री थांबा. टेकडीवर नॉर्मन काळातला किल्ला, खाली नदी, आणि गाव एवढं लहान की स्टेशनवरून चालत जाता येतं. भाचीने "हॉटेल कशाला, इथेच राहा अजून दोन दिवस" म्हटलं तर सांगा की पैसे भरून झालेत. ही सबब तिथे लगेच पटते. श्रॉपशर आणि यॉर्कशरच्या मध्ये अशीच एक रात्र ठेवा. दोघांपैकी कुणाला पाय पसरून झोपायचं असेल तर झोपू द्या, किल्ला दुसऱ्याने एकट्याने बघावा.

निघताना

निघायच्या सकाळी "चादरी काढून ठेवू का?" असं विचारा. एक लहान कार्ड खोलीत ठेवा किंवा घरी पोचल्यावर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं धन्यवाद इंग्रज यजमानांनाही चालतं, पण कार्ड ते महिनाभर कपाटावर उभं ठेवतात. भाचीच्या पेट्रोलचे पैसे ती घेणार नाही, मुलांच्या हातात द्या.

सेटलहून मँचेस्टर विमानतळासाठी लीड्सला गाडी बदलावी लागते आणि सेटलच्या लाइनीवर गाड्या विरळ आहेत. सकाळचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच मँचेस्टरला जाऊन झोपा.